वळणावरची राखाडी माती

मामांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. ते रोज त्यांच्या हातात असायचं. मामा एका वेळी चार-चार पुस्तकं वाचत, आणि पान चुकू नये म्हणून खुणेला ते पत्रच या पुस्तकातून त्या पुस्तकात फिरत असे.

सुट्टीला आलेल्या तिघांना ते सापडलं ते असंच. खारूनं खिडकीत बसून एक जाडजूड पुस्तक उघडलं आणि पत्र तिच्या मांडीवर पडलं.

"मामा, यावर लाल शाईत 'तातडीचे' लिहिलंय," ती म्हणाली.

"हो," मामा म्हणाले. "म्हणून तर जपून ठेवलंय."

खारू ही तिघांत सगळ्यांत लहान. दिसेल ते उचलून खिशात कोंबायची सवय, म्हणून तिचं नाव खारू. तिचा मोठा भाऊ भोंगा. त्यानं कानात कुजबुजलं तरी रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघे. आणि त्या दोघांची मावसबहीण मोजपट्टी. ती उंच होती, सरळ होती आणि कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

भोंगानं पत्र ओढून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. त्याला हळू वाचता येतच नव्हतं.

"'मोठ्या कालव्याची दुरुस्ती सुरू होत आहे. जुन्या वळणावरच्या भरावात आपल्याला पूर्वी प्राचीन खापरे आढळली होती. तेथे जतन करण्याजोगे काही आहे की नाही, हे पाहणी करून कळवावे. शनिवारपर्यंत उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असे समजून काम सुरू केले जाईल.' मामा, कुठला शनिवार?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "हाच."

"आज बुधवार आहे."

"हो ना."

मामा गावातल्या छोट्या वस्तुसंग्रहालयाचं काम बघत. कालवा खणायचा असो की रस्ता रुंद करायचा असो, जमिनीखाली काही जुनंपुराणं आहे का हे आधी त्यांनी सांगायचं, असा नेमच होता. त्यांना खापराच्या तुकड्यावरून आख्खं भांडं दिसे. फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायची वेळ आली, की त्यांची जीभ टाळूला चिकटे.

"त्यांना रागावू नका रे," खालच्या औषधाच्या दुकानातून मामी वर आली होती. "मागं एकदा 'थांबा' म्हणाले होते. काम थांबलं, पाण्याची पाळी लांबली, शेतं वाळायला लागली. आणि खणून निघालं काय, तर ट्रक वजन करायच्या काट्याचा चौथरा."

"फार नीट बांधलेला होता तो," मामा पुटपुटले.

"तेव्हापासून बाजारात 'भेंडी घ्यायची का' विचारलं तरी म्हणतात, नक्की सांगता येत नाही."

भोंगा खो खो हसला. मोजपट्टी मात्र हसली नाही. तिला मामांची अडचण कळली. 'आहे' म्हणावं आणि काही निघालं नाही, तर पुन्हा शेतांचं पाणी अडतं. 'नाही' म्हणावं आणि काही असलं, तर मशीनच्या एका घासात ते कायमचं जातं. म्हणून मामा काहीच म्हणत नव्हते.

"मामा, मग आपण खणूनच बघू की," ती म्हणाली. "दोन दिवस आहेत. आम्ही तिघं आहोत."

"खणणं सोपं नसतं गं. घाई केली की…"

"घाई तुम्ही करणार नाही, हे आम्हाला माहीत आहे," खारू म्हणाली.

मामीनं हातातली बादली खाली ठेवली. "अहो, जा घेऊन त्यांना. घरात राहिली तर हा भोंगा माझी गिऱ्हाइकं पळवून लावेल. आणि भोंग्या, हे मोजे कुठं लोळवलेस? इथं सगळीकडे पिवळी धूळ, आणि तू राखेत बुडवल्यासारखे घेऊन आलास."

"त्या खोलगटात फुटबॉल खेळलो. रोलर उभा असतो ना, त्याच्या मागे. गोल झाला मामी, पण पाय घसरला."

"गोल तुझा, धुणं माझं," मामी म्हणाली.

---

कालव्यातलं पाणी दुरुस्तीसाठी बंद केलं होतं. रिकामा कालवा केवढा खोल दिसतो, हे तिघं पहिल्यांदाच बघत होते. जुन्या वळणावर काठाच्या भरावाला भेगा पडल्या होत्या आणि बाहेरच्या बाजूला ओलीचे डाग अजून होते. इथून पाणी नेहमी झिरपायचं, म्हणूनच दुरुस्ती.

मामा इथं आले आणि निराळेच झाले. घरी चहाचा कप कुठं ठेवला हे त्यांना आठवत नसे. इथं त्यांनी चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आणि मोजपट्टीनं कोपरे मोजून पाहिले तर एकही कोपरा तिरका नव्हता. हातात छोटी करणी घेऊन ते गुडघ्यावर बसले आणि मातीचा पापुद्रा काढावा तशी माती काढू लागले.

"उकरायचं नाही, खरवडायचं," ते म्हणाले. "उंदीर उकरतो. आपण वाचतोय. वरचं पान आधी, खालचं नंतर. एकदा उलटलेलं पान परत लावता येत नाही."

"पण खजिना खालीच असणार ना?" भोंगा म्हणाला.

"जे सापडेल त्यापेक्षा ते कुठं सापडलं हे महत्त्वाचं. पिशवीवर जागा लिहिली नाही, तर ते नुसतं फुटकं मडकं."

खारूनं खिशातून दोन खापरं काढून गुपचूप परत जागेवर ठेवली.

दुपारपर्यंत पिशव्या भरत आल्या. माती मऊ होती, राखाडी होती आणि खापरांनी गच्च भरलेली होती. जाड, लालसर, बोटभर रुंद काठाची खापरं. भोंगा चाळणी हलवत होता, खारू वेचत होती, मोजपट्टी चिठ्ठ्या लिहीत होती. मामा एकेक तुकडा उन्हात धरून फिरवून बघत.

"हे बघा, आतल्या बाजूला बोटांच्या रेषा. चाक फिरत होतं आणि त्याचं बोट इथं टेकलेलं होतं. त्याचं किंवा तिचं. शेकडो वर्षं झाली, बोट गेलं, रेष आहे." मामांचा आवाज इतका हळू झाला होता, की भोंगासुद्धा गप्प राहिला.

ठेकेदाराचा मुकादम मधूनमधून येऊन बघून जाई. डोक्यावर टोपी, हातात काठी. "साहेब, सोनं लागलं तर हाक मारा बरं का," तो म्हणे. "नाहीतर हे मडक्यांचं दुकान शनिवारी आवरा. मला भराव बांधायचाय."

"कुठल्या मातीनं बांधणार, काका?" मोजपट्टीनं विचारलं.

"माती ती माती, पोरी. तिचं काय गोत्र विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. राखाडी माती संपत आली आणि तिच्या अगदी तळाशी, सगळ्या खापरांच्या खाली, खारूला एक गंजलेली चकती सापडली. मामांनी ती ब्रशनं पुसली. सोड्याच्या बाटलीचं झाकण.

"म्हणजे त्या काळी सोडा पीत होते?" भोंगा ओरडला.

"अरे बैला, विचार कर," मोजपट्टी म्हणाली. "झाकण खाली, खापरं वर. आधी झाकण पडलं, मग त्याच्यावर खापरं आली."

मामांनी मान हलवली. झाकणाखाली पिवळी, चिकट, निर्मळ माती लागली होती. तिच्यात एकही खापर नव्हतं, कोळसा नव्हता, भिंत नव्हती, चूल नव्हती.

"संपलं," ते शेवटी म्हणाले. "ही राखाडी माती इथली नाहीच. कधीतरी काठ फुटला असेल, तेव्हा कुणीतरी दुसरीकडून गाडीनं आणून टाकली. खापरं तिच्याबरोबर आली. म्हणजे इथं जतन करण्यासारखं काही नाही. मी इतकी वर्षं या वळणाकडे बघत होतो, आणि ते दुसऱ्याच जागेचं सामान होतं."

त्यांनी करणी पुसून पिशवीत ठेवली. त्यांचे खांदे उतरलेले बघून भोंगानं चाळणी हळूच खाली ठेवली.

"मग लिहून टाका ना," खारू म्हणाली. "इथं काही नाही. उत्तर झालं."

"लिहीन. रात्री लिहीन."

मोजपट्टी मात्र दोरी गुंडाळता गुंडाळता थांबली. "मामा, दुसरीकडून म्हणजे कुठून?"

"नक्की सांगता येत नाही," मामा म्हणाले.

---

त्या संध्याकाळी वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत तिघं खापरं धुवत बसले. काही नसलं तरी धुवून, वाळवून, नीट ठेवायचं, हा मामांचा नियम. मामा टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले होते. कागद कोराच होता.

खारूला तुकडे जोडायचा नाद. तिनं जमिनीवर कागद पसरून खापरं मांडली आणि काठाला काठ लावून बघायला लागली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मामा, या माठांना बूड का नाही?"

"असेल गं. शोध."

"नाही. एवढे ढीगभर काठ आहेत, पण बुडाचा एक तुकडा नाही."

मामांनी लेखणी खाली ठेवली. ते जमिनीवर येऊन बसले. त्यांनी एक पिशवी पाहिली, दुसरी पाहिली. मोजपट्टीनं काठांची रुंदी मोजायला घेतली.

"काठ दोन तऱ्हेचे आहेत," ती म्हणाली. "काही रुंद, काही अरुंद. अरुंद काठ रुंद काठात बरोबर बसतो."

खारूनं जोडलेला तुकडा उचलला. तो एका बाजूला रुंद होता, दुसऱ्या बाजूला अरुंद, आणि मधून आरपार पोकळ. तिनं तो डोळ्याला लावला आणि त्यातून भोंगाकडे बघितलं.

"हा माठ नाही," मामा म्हणाले. "हा नळ आहे. मातीचा नळ. एकाचं तोंड दुसऱ्याच्या पोटात, त्याचं तिसऱ्याच्या. असे ओळीनं जमिनीत पुरायचे आणि नदीचं पाणी शेतात न्यायचं." ते हसले. तिघांनी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "आपण कालवा दुरुस्त करतोय ना? तेही हेच करत होते. ना लोखंड, ना सिमेंट. दोन बोटांच्या अंदाजानं काठ वळवायचे, आणि बघा, अजून एकमेकांत बसतायत."

"मग हे काय?" भोंगानं बादलीतून एक वेडावाकडा गोळा काढला. दोन नळ एकमेकांना चिकटून, वितळून, वाकडे झालेले.

मामांनी तो दोन्ही हातांत घेतला. "हे बिघडलेलं काम. भट्टीत आच जास्त झाली की असं होतं. असलं कुणी विकत घेत नाही, कुणी दूरही नेत नाही. भट्टीच्या दारातच फेकून देतात. म्हणजे ही माती जिथून आणली…"

"तिथं भट्टी आहे," मोजपट्टी म्हणाली.

"असू शकेल. राख, कोळसा, म्हणून माती राखाडी. पण ती जागा आता कुठं शोधायची? सगळीकडे तर पिवळी माती."

तेवढ्यात मामी दारात आली. तिच्या हातात चिमटीत धरलेले, पाणी गळणारे मोजे होते.

"तिसऱ्यांदा धुतले," ती म्हणाली. "भोंग्या, ही राख काही जात नाही. हे मोजे आता असेच घालायचे."

तिघांनी मोज्यांकडे पाहिलं. मामांनी मोज्यांकडे पाहिलं. मग खारू उठली, तिनं मामीच्या हातातून एक मोजा घेतला, तो खापरं धुतलेल्या बादलीशेजारी पिळला आणि दोन्ही पाणी एकाच रंगाचं दिसलं.

"काय झालं?" मामी म्हणाली. "मी काय केलं?"

"मामी, तू भट्टी शोधलीस," भोंगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजानं कपाटाच्या काचा थरथरल्या.

उजेड होता तोवर तिघं खोलगटाकडे धावले. रोलरच्या मागे त्यांचं फुटबॉलचं मैदान होतं तसंच होतं. पण त्याच्या कडेनं पांढऱ्या फकीची ताजी रेघ मारलेली होती आणि काठावर खोदायचं मोठं मशीन आणून उभं केलं होतं.

मोजपट्टी रेघेवरून चालत गेली. "खोलगट आपोआप झालेला नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळी माती इथूनच उचलली. आणि उद्या मुकादमकाका उरलेली उचलणार."

---

शनिवारी सकाळी मामांनी इंजिनिअरबाईंना फोन लावला. कालव्याचं सगळं काम बाईंच्या हाताखाली होतं, आणि ते तातडीचं पत्रही त्यांच्याच कचेरीतून आलं होतं. फोन लागेना. मामांनी सायकल काढली.

"मी त्यांना कचेरीत गाठतो. तुम्ही खोलगटात जा, पण मशीनच्या जवळ जायचं नाही. लांबूनच बोला."

"मामा, त्यांना तुम्ही काय सांगणार?" खारूनं विचारलं.

मामा सायकलवर एक पाय टेकून थांबले. "हेच की, राखाडी माती आहे. भट्टी असेल कदाचित. पण राख कशाचीही असते. मागं तो ट्रकचा काटा… भिंत जागच्या जागी दिसली असती, तर गोष्ट वेगळी होती." आणि ते गेले. त्यांच्या पायात एक चप्पल काळी होती, एक तपकिरी.

तिघं पोचले तेव्हा मशीन सुरू झालेलं होतं. त्याच्या पंज्यानं काठावरून एक घास ओरबाडून बाजूला टाकला होता. तिघं फकीच्या रेघेबाहेरच थांबले.

"काका, थांबवा," भोंगा ओरडला. मशीनच्या घरघरीवरही तो ऐकू गेला, इतका की ड्रायव्हरनं खाली पाहिलं आणि मशीन थांबवलं.

मुकादम काठी आपटत आला. "काय रे, आता मैदान गेलं म्हणून रडायला आलात?"

"इथं जुनी भट्टी आहे. इंजिनिअरबाई येतायत. तोवर थांबा," मोजपट्टी म्हणाली.

"बाई येतील तेव्हा येतील. मला संध्याकाळपर्यंत वळणावर माती टाकायचीय."

"पण ठरलेली माती तर टेकडीपलीकडची आहे ना? वळणावर तसा फळा लावलाय. आम्ही काल वाचला."

मुकादम जरा घुटमळला. "ती घट्ट आहे. मशीनचे दात झिजतात, फेऱ्या वाढतात. ही बघ कशी लोण्यासारखी निघते. शेवटी माती ती माती."

मोजपट्टीला वळणावरचे ओलीचे डाग आठवले. तिथं काठ नेहमी झिरपायचा. आणि तिथं कुठली माती होती?

"काका, पैज लावता?" ती म्हणाली. "तुम्ही जन्मभर भराव बांधलेत. मग ही माती पाणी अडवते की नाही, ते आत्ता दाखवा. अडवलं, तर आम्ही घरी जातो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही."

"काय पैज लावतात, बघू तरी," ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. त्यानं डब्यातून चहा ओतला आणि रोलरला टेकून आरामात उभा राहिला. बाकीचे दोघं-चौघंही जमले. आता मुकादमाला मागं सरता येईना.

खारूनं पिशवीतून दोन रिकामे डबे काढले. मामांच्या खोलीतले, रंगाचे. दोन्हींच्या बुडाला भोकं होती, कारण ते झाडांना पाणी घालायला होते. मोजपट्टीनं एकात खोलगटातली राखाडी माती दाबून भरली, दुसऱ्यात रस्त्याकडेची पिवळी माती. दोन्हींवर बोटानं मोजून सारखंच पाणी ओतलं.

"आता राखाडी डबा तुम्ही धरा," ती म्हणाली. "आणि पिवळा मी धरते."

मुकादमानं डबा ऐटीत धरला. त्याचे बूट नवे होते.

ड्रायव्हरचा चहा अर्धाही झाला नव्हता, तोच टप, टप, मग धार लागली. मुकादमानं डबा लांब धरला, पण तोवर बुटांवर राखाडी चिखल झाला होता. मोजपट्टीच्या डब्यावरचं पाणी तसंच उभं होतं, तळ्यासारखं.

"मुकादम, तुमचा कालवा फुटला की," ड्रायव्हर म्हणाला, आणि सगळे हसले.

"हे असं डब्यात काय कळतं," मुकादम बुटांकडे बघत म्हणाला. पण मशीन सुरू करा असं काही म्हणाला नाही.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. मामा घामाघूम होऊन आले आणि त्यांच्यामागून जीपमधून इंजिनिअरबाई उतरल्या. बाईंचे केस कापलेले, बूट चिखलाचे, आणि बोलणं थोडक्यात.

"हा खोलगट कुणी उकरायला सांगितला?" त्यांनी विचारलं. मुकादमानं टोपी काढली. बाई मामांकडे वळल्या. "साहेब, तुमचं म्हणणं काय? कचेरीत तुम्ही 'कदाचित' किती वेळा म्हणालात, ते मी मोजणं सोडून दिलं. पाणी सोडायची तारीख जवळ आलीय. शेतकरी रोज विचारतात. मला एकच शब्द हवाय. इथं काही आहे की नाही?"

मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तिघांनी श्वास रोखले. भोंगानं तर दोन्ही हात तोंडावर धरले होते.

मामांची नजर मशीननं ओरबाडलेल्या जागेवर गेली. ते खाली वाकले. मग गुडघ्यावर बसले, खिशातून ब्रश काढला आणि कापलेल्या कडेवरची सुटी माती हलकेच झाडली. राखेखाली एक लाल रेघ दिसली. ती वाकत वाकत गोल गेली. भाजलेल्या मातीची भिंत, हातभर जाड, जिथं कुणीतरी उभारली होती तिथंच. आणि तिच्या आत, एकावर एक रचलेले तीन नळ. भाजून तयार झालेले, बाहेर काढायचे राहून गेलेले.

मामा उठले. त्यांचे गुडघे राखाडी झाले होते.

"आहे," ते म्हणाले. "नक्की."

खारूनं मोजपट्टीचा हात घट्ट धरला. 'नक्की' हा शब्द त्यांनी मामांच्या तोंडून 'सांगता येत नाही' शिवाय पहिल्यांदाच ऐकला होता.

बाईंनी भिंत पाहिली. मग त्यांनी मुकादमाचे बूट पाहिले, दोन डबे पाहिले. "हे काय चाललं होतं?"

मोजपट्टीनं सांगितलं. बाईंनी पिवळा डबा हातात घेतला, त्यावर उभं असलेलं पाणी हलवून पाहिलं, आणि सगळ्यांना वाटलं त्या आता रागावणार. पण त्या डब्याकडे बघतच राहिल्या.

"वळणावर दरवर्षी गळती," त्या सावकाश म्हणाल्या. "दरवर्षी वरून लिंपायचं, दरवर्षी पुन्हा गळती. आणि आम्ही आज त्यावर हीच माती टाकणार होतो. साहेब, तुमच्या त्या वळणावर काही जुनं आहे?"

"नाही. नुसती इथून नेलेली राख आहे. खुशाल काढून टाका."

"सगळी काढते. टेकडीपलीकडची माती भरते." त्या मुकादमाकडे वळल्या. "आणि माती ती माती, हे वाक्य पुन्हा माझ्या कामावर ऐकू येता कामा नये."

"नाही येणार, बाई," मुकादम म्हणाला. मग खारूकडे बघून हळूच म्हणाला, "काय गं, ते डबे मला ठेवशील? पुढच्या कामाला लागतील."

---

पाणी ठरल्या दिवशी सुटलं. वळणावरचा काठ बाहेरून कोरडा ठणठणीत राहिला. शेतकरी येऊन हात लावून बघत होते.

खोलगटाभोवती कुंपण घातलं, ते मुकादमानं स्वतः, फकीच्या जुन्या रेघेच्या चांगलं बाहेरून. मामा रोज तिथं बसून पापुद्रा पापुद्रा माती काढत. भट्टीतला एक नळ वस्तुसंग्रहालयात ठेवला, त्याच्या शेजारी वितळलेला गोळाही. "चांगलं काम करणाऱ्याचं बिघडलेलंही जपावं," मामा म्हणाले. खाली चिठ्ठी होती: 'भट्टीची आच आणि हाताचा अंदाज. काळ: फार जुना.' किती जुना, ते अजून नक्की सांगता येत नव्हतं.

निघायच्या दिवशी इंजिनिअरबाई घरी आल्या. त्यांनी तिघांना कालव्याचा नकाशा दिला. त्यात खोलगटाच्या जागी लाल गोल होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'येथून माती उचलू नये'. "आता माझ्यानंतर जो येईल, त्यालाही कळेल," त्या म्हणाल्या. "कुणाला बूड नाही हे दिसलं, कुणी पाणी मोजलं, कुणी योग्य वेळी ओरडलं. आणि एका माणसानं बघितल्याशिवाय 'हो' म्हटलं नाही. माझ्याकडे अशी माणसं असती, तर मी झोप तरी घेतली असती."

"आणि मोजे?" मामी म्हणाली. "मोज्यांचं कुणी नाव घेत नाही."

बाई गेल्यावर मामांनी कपडे बदलले आणि खिशातून एक पाकीट काढलं. "पोस्टात जाऊन येऊ," ते म्हणाले.

"हे कशाला?" भोंगानं विचारलं. "बाई तर आत्ताच इथं होत्या. त्यांना सगळं माहीत आहे."

"विचारलं पत्रानं होतं," मामा म्हणाले.

वाटेवर कालव्याच्या कडेनं चालताना खारूनं अजून न चिकटवलेल्या पाकिटात डोकावून पाहिलं. मामांनी आधी तीन पानं लिहिली होती, मग दोन, मग एक. आता चारच ओळी होत्या. 'आपले पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला, क्षमा असावी. वळणावर काही नाही. खोलगटात आहे.'

पोस्टातल्या बाईंनी पाकिटाचं वजन केलं, शिक्का मारला आणि पावती दिली. तरी मामा खिडकीशी रेंगाळले. पाकीट अजून टेबलावरच होतं, आणि त्यांचा हात त्याच्याकडे जातोय असं मोजपट्टीला वाटलं.

"मामा," ती म्हणाली.

"नाही, नाही. जाऊ दे."

बाईंनी पाकीट उचलून मागच्या पोत्यात टाकलं. ते इतर पत्रांवर पडल्याचा बारीक आवाज आला.

"पण मामा, ते जुनं पत्र तुम्ही फायलीत लावलंत," खारू म्हणाली. "आता पुस्तकात खूण म्हणून काय ठेवणार?"

मामांनी हातातल्या पावतीकडे पाहिलं, ती नीट घडी घातली, आणि काखेतल्या पुस्तकात ठेवून पुस्तक मिटलं.